आमदार म्हणतात, आंतरधर्मीय लग्नाला आईवडिलांची सही हवी. ज्याने त्यांना मत दिलं त्याने आता काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या सभेत तुमच्या आमदारांनी दोन गोष्टी ठणकावून सांगितल्या. एक, दुसऱ्या धर्मात लग्न करायचं तर मुलीच्या आईवडिलांची लेखी संमती सक्तीची करायला हवी, कारण ‘आपल्या वॉर्डातली मुलगी’ ही सगळ्यांची जबाबदारी. दोन, धर्मस्वातंत्र्य म्हणजे जन्मलो त्या धर्मात सुखाने राहायचं स्वातंत्र्य, तो सोडायचं नव्हे. तुम्ही त्यांना पाण्याच्या लाइनीसाठी मत दिलं होतं आणि आता तुमची चिडचिड होतेय.

लाइन आली का? आली असेल तर निम्मं मत वसूल झालं म्हणा. उरलेल्या निम्म्याचं बघू. पण आधी माझं ऐका. ‘आपल्या वॉर्डातली मुलगी’ हे शब्द मी १९९९ साली आमच्या नाशिकरोडच्या घरात ऐकलेत, हातात पोह्यांच्या बशा घेऊन उभी असताना. ती मुलगी मीच.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची, एका पतसंस्थेत कारकून. बाबा प्रेसमध्ये. कुठली प्रेस ते नाशिककरांना सांगायला नको; बाकीच्यांसाठी, नोटा-स्टॅम्प छापणारी सरकारी. तो शरणपूरचा, मराठी ख्रिस्ती, घरात आजीच्याही आधीपासून मराठीतूनच प्रार्थना आणि मराठीतूनच भांडणं. ओळख शालिमार ते नाशिकरोड शेअर रिक्षातली. मागे तिघं, पुढे ड्रायव्हरला खेटून चौथा. तो चौथा असायचा. दोन वर्षं सुट्ट्या पैशांच्या देवघेवीवर काढली, मग घरी सांगितलं.

आम्हा दोघांनाही धर्म बदलायचा नव्हता. ऐकायला सोपं वाटतं, पण या देशात तेच सगळ्यात अवघड. हिंदू विवाह कायद्याने लग्न करायचं तर दोघंही हिंदू लागतात. देवळात माळा घालता येतात, फोटो निघतो, पण एक जण ख्रिस्ती असेल तर कायद्याच्या लेखी ते लग्न नव्हे. चर्चमध्ये १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालतं. पण पाळकसाहेब म्हणाले, आधी मुलीचा बाप्तिस्मा. म्हणजे कायद्याला चालत होतं, पाळकसाहेबांना नाही. राहिला १९५४ चा विशेष विवाह कायदा. लोक त्याला कोर्ट मॅरेज म्हणतात; कोर्टाचा काडीचा संबंध नसतो, विवाह अधिकाऱ्यासमोर होतं.

आणि त्यात ती नोटीस, आम्ही लग्न करणार आहोत अशी. तीस दिवस विवाह अधिकाऱ्याच्या फलकावर. जाळीचं दार, त्याला कुलूप, आत गंजलेल्या टाचण्या. आमची नोटीस कुठल्याशा लिलावाच्या सूचनेशेजारी लावलेली. माझ्या नावातली वेलांटी चुकली होती. पत्ता मात्र घर नंबर, गल्ली, मागची खूण सगळ्यासकट बिनचूक. मी रोज ऑफिसातून निघताना वाकडी वाट करून तो कागद बघून यायचे, जणू माझ्या नजरेच्या धाकाने कुणी तो वाचणार नव्हतं.

नवव्या दिवशी वाचला. ओळखीतलं कुणीतरी खरेदीखतासाठी तिकडे गेलं होतं. संध्याकाळी साडेसातला आमच्या भागातले नगरसेवक आणि तीन माणसं दारात. मी समजत होते ते आपणहून आले. दादाने बोलावलं होतं, हे मला सहा महिन्यांनी कळलं.

ते बाबांसमोर बसले. मी समोरच होते, दोन हातांवर. त्यांनी विचारलं, “अण्णा, पोरीचं वय काय?” बाबा म्हणाले, “सव्वीस.” “शिक्षण?” “बीकॉम.” “पगार घरात देते?” “देते.” मग शेजारच्या माणसाकडे वळून, “पोरगा काय करतो?” दादाकडे वळून, “तिकडून कुणी दबाव टाकतंय का?” खोलीत मी, आई, आणि पंखा सोडून सगळ्यांना प्रश्न विचारून झाले. गंमत म्हणजे त्याच सप्टेंबरात लोकसभा आणि विधानसभा एकत्र झाल्या होत्या, आणि हाच माणूस मतदाराची चिठ्ठी माझ्या हातात देऊन म्हणाला होता, “ताई, नक्की या मतदानाला.” तेव्हा त्याला माझं वय, शिक्षण, पगार काही लागलं नव्हतं. अण्णांना विचारून सांगते म्हटलं असतं तर हसला असता.

मग ते वाक्य आलं. “अण्णा, आपल्या वॉर्डातली मुलगी आहे. तुमच्या एकट्याचा प्रश्न नाही हा.” बाबांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. शेवटी म्हणाले, “पोहे गार होतायत.” पंचवीस वर्षं मी या वाक्याचा अर्थ लावतेय. दादाच्या मते तो विरोध होता, मानी माणसाचा मूक विरोध. आई म्हणायची, तो ‘निघा आता’ होता.

नगरसेवक हरकत घेऊ म्हणाले, आणि दोन दिवसांनी खरंच माणूस पाठवला. तिथे त्याला कळलं की कलम ७ खाली हरकत कुणीही घेऊ शकतो, पण कारणं कलम ४ मधलीच लागतात: दोघांपैकी कुणाचा जोडीदार हयात असणं, संमती देण्याची मानसिक क्षमता नसणं, मुलगा एकवीसच्या किंवा मुलगी अठराच्या आत असणं, निषिद्ध नात्यातलं असणं. ‘मुलगी आमच्या वॉर्डातली आहे’ हे त्या यादीत नाही.

एकतिसाव्या दिवसानंतर तीन साक्षीदार घेऊन जायचं होतं. माझी एक मैत्रीण, त्याची बहीण, आणि तिसरा त्याचा मित्र जो ऐन वेळी उगवलाच नाही. मी फोनच्या बूथकडे धावत होते तेवढ्यात आई रिक्षातून उतरली. हातात पिशवी, पिशवीत नारळ आणि साडी. आम्ही तिसऱ्या साक्षीदाराची वाट बघतोय हे तिला माहीत नव्हतं, ती नुसती लांबून बघायला आली होती. तिसरी सही तिने केली. चौथी शिकलेली बाई, सही म्हणजे एकेक अक्षर सुटं काढून मग वरून रेघ ओढणं. अधिकारी थांबले तेवढा वेळ.

म्हणून तुमच्या आमदारांना सांगा, आमच्या लग्नाच्या कागदावर माझ्या आईची सही आहे. साक्षीदार म्हणून. संमती द्यायला तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही दिली असं नाही. ती फक्त म्हणाली, “मी बघितलं, हिने स्वतःहून केलं.” कायद्याला तेवढंच हवं असतं.

आता दुसरी बाजू सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही एकाच पक्षाला झोडपतेय. माझे काकासासरे दहा वर्षं माझ्या मागे होते. “बाप्तिस्मा घे बाई, मुलांचं नीट होईल.” नाताळला आले की केक तोंडात आणि हेच. मी त्यांच्याकडे चर्चमध्ये बसायचे, गाणी छान असतात, पण पाण्याखाली डोकं घालायला तयार नव्हते. नगरसेवक आणि काकासासरे एकमेकांना कधी भेटले नाहीत. भेटले असते तर छान जमलं असतं. दोघांनाही बाईचा धर्म म्हणजे रेशनकार्डावरचं नाव वाटायचं: एकीकडून कमी केलं की दुसरीकडे चढवायचं, अधांतरी ठेवायचं नाही.

आणि ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती ही. बाबा २०११ ला गेले. मृत्युपत्र नाही. तेराव्यानंतर महिन्याभरात दादा हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन आला. त्याने नुसतं “सही कर” म्हटलं असतं तर मी केली असती, देवाशपथ. बहिणी करतातच की. पण तो वकिलाकडून शिकून आला होता. म्हणाला, “कायद्याने तू आमच्या कुटुंबातून बाहेरच पडलीस. हे फक्त औपचारिकता म्हणून.”

विशेष विवाह कायद्याचं कलम १९. अविभक्त कुटुंबातल्या हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीने या कायद्याखाली लग्न केलं की ती कुटुंबापासून विभक्त झाली असं मानतात. १९७६ च्या दुरुस्तीने दोघंही याच चार धर्मांतले असतील तर यातून सूट मिळाली, आम्हाला नाही. पण विभक्त होणं आणि वारसा जाणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. पुढच्याच कलमात वारसाहक्क शाबूत ठेवलाय. शिवाय आमचं घर वडिलोपार्जित नव्हतंच. बाबांनी प्रेसच्या पगारातून आणि सोसायटीच्या कर्जातून बांधलेलं, त्याला १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागतो, आणि त्यात मुलगी पहिल्या वर्गातली वारस. मी उद्या ख्रिस्ती झाले असते तरी माझा वाटा गेला नसता. धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांचा प्रश्न आला असता, तोही मुलांपुरता. हे सगळं मी त्याला जेवणाच्या टेबलावर कागदावर लिहून दाखवलं. तो म्हणाला, “कायदा काढून दाखवतेस भावाला?” कायदा काढला कुणी आधी?

मी सही केली नाही. आजही केलेली नाही. २०१८ ला आई गेली, आता मिळकत पत्रिकेवर त्याचं आणि माझं अशी दोनच नावं आहेत.

आता तुमच्या आमदारांकडे येते. मला त्यांचा राग नाही येत, कीव येते, कारण ते स्वतःच्या पायावर धोंडा मारतायत. त्यांना धर्मांतरं कमी करायचीत ना? मग विशेष विवाह कायद्यातली ती तीस दिवसांची नोटीस काढायला सांगा. लोक धर्म का बदलतात लग्नाआधी? बरेच जण तरी हौसेने नाही. फलकावर पत्ता लागला की काय होतं ते त्यांना माहीत असतं, आणि एका बाजूने धर्म बदलला की ती नोटीस लागत नाही, लग्न लवकर होतं. माझ्याच पतसंस्थेतल्या एका मुलीने असंच केलं. तिला ना धर्माचं पडलं होतं ना विधीचं, तिला फक्त घरच्यांच्या आधी पोचायचं होतं. त्यात आता आईवडिलांच्या सहीची भर घाला, मग बघा किती जणी नावं बदलतात. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये जोडप्याने स्वतः मागितली तरच नोटीस लावावी असा निकाल दिला, पण तो तिकडचा. १८७२ च्याच जुन्या विशेष विवाह कायद्यात (चर्चवाला तो वेगळा) तर आमच्यासारख्या जोडप्याला आपण आपापला धर्म मानत नाही असं लिहून द्यावं लागायचं. १९५४ ला ती अट गेली म्हणून मी आजही श्रावणी सोमवार करू शकते. आमदारांची गाडी १८७२ कडे निघालीय आणि ते तिला संस्कृती म्हणतायत.

दुसऱ्या मुद्द्यावर मला फार बोलायचं नाही, कारण नाशिक जिल्ह्यात निवडून आलेल्या माणसाने ‘धर्म सोडायचं स्वातंत्र्य नाही’ म्हणणं म्हणजे स्वतःचाच मतदारसंघ न वाचणं. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेब काय म्हणाले? हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. त्याआधी २ मार्च १९३० पासून काळारामाच्या दारात सत्याग्रह. असेच आमदार येवल्याच्या मुक्तिभूमीवर हार घालायला जातात, रांगेत फोटो काढतात. हार नक्की कशाला घालतात?

आणि लग्न नि धर्म एकाच घरात कसे राहतात हे बघायचं असेल तर जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक बघा. नाशिकच्या पोरींना ही गोष्ट शाळेत सांगायला हवी. नवरा, रेव्हरंड टिळक, १८९५ ला ख्रिस्ती झाला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, सोवळ्याओवळ्यासकट. मग नवऱ्याकडे परत गेल्या, तेव्हाही लगेच धर्म नाही बदलला. पुढे बदलला तो स्वतःला पटल्यावर, नवऱ्याने सांगितलं म्हणून नाही. कुणाची सही नव्हती त्यावर.

तुम्ही विचारलंय काय करावं. आमदार परत बोलावता येत नाही, आपल्याकडे तशी सोय नाही. लग्न हा समवर्ती सूचीतला विषय, म्हणजे विधानसभा कायदा करू शकते, पण केंद्राच्या कायद्याशी भांडणारा असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. तेव्हा ‘ते नुसते बोलतात, होत काही नाही’ असं समजू नका. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवायला समिती काढली. ओरडा झाल्यावर आंतरजातीय शब्द काढला, दुसरा ठेवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती. बोलण्यातूनच होतं. दुसरीकडे न्यायालयंही गप्प नाहीत. २००६ ला लता सिंग आणि २०१८ ला हादिया, दोन्ही निकालांत सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान मुलीचा जोडीदार निवडणं हा तिचा हक्क मानला, आणि गुजरातने २०२१ ला धर्मांतरविरोधी कायदा कडक केला तेव्हा तिथल्या उच्च न्यायालयाने जबरदस्ती-फसवणूक नसलेल्या लग्नांपुरती त्यातल्या बऱ्याच कलमांना स्थगिती दिली. हे आमदारांना पत्रात लिहा. टपालाने नका पाठवू, जनता दरबारात हातात द्या आणि पोच घ्या. एकटे जाऊ नका. आणि एकच प्रश्न तोंडी विचारा: तुमच्याकडे आजवर किती मुली स्वतः आल्या, आणि किती भाऊ आले?

कारण येतात ते भाऊच. २०२१ ला नाशिकमधल्याच एका घरची लग्नपत्रिका व्हॉट्सअॅपवर फिरली, दोन्ही घरं राजी असताना, आणि ठरलेला समारंभ रद्द करावा लागला. आईवडिलांची संमती होती की तिथे! मग ती का नाही पुरली? म्हणजे सही आईवडिलांची नकोच आहे यांना. सही गल्लीची हवीय.

तुमचे आमदार कोणते ते मी विचारत नाही. माझा दादा ज्यांच्या गाडीत बसतो ते हेच असतील किंवा यांचा दुसरा कुणी भाऊ असेल. सभेत पुढच्या रांगेत पांढऱ्या शर्टातला, चष्मा कपाळावर ठेवणारा माणूस दिसला तर त्याला विचारा, कलम २० वाचलं का म्हणून.

थोडं राहिलं. मी वकील नाही. तुमच्या घरात खरंच काही शिजत असेल तर चांगला वकील गाठा, माझं उत्तर दाखवू नका. फसवणूक होते, हेही मला मान्य आहे. नाव लपवून, पहिली बायको लपवून लग्नं झालेली मी बघितलीत, आणि सगळ्या धर्मांत बघितलीत. ओळख लपवून लग्नाच्या नावाखाली संबंध ठेवणं हा नव्या न्याय संहितेच्या कलम ६९ खाली गुन्हा आहेच, त्यासाठी बापाची सही कशाला? आणि हेही प्रामाणिकपणे सांगते की आमचं तुलनेने स्वस्तात निभावलं. नवरा मुसलमान असता तर नगरसेवक पोहे खाऊन परत गेले नसते. हे मला तेव्हाही कळत होतं.

दादाबद्दलही एक बाजू राहिली. आई शेवटी दवाखान्यात होती तेव्हा एकोणीस रात्री तो जमिनीवर सतरंजी टाकून झोपला. माझ्या नवऱ्याने डबा नेला की दोघं जिन्यात बसून एकत्र जेवायचे, क्रिकेटवर बोलायचे. घर सोडून सगळ्यावर त्यांचं पटतं.

त्या घरात आज दादाच राहतो. दरवर्षी एप्रिलमध्ये त्याचा मेसेज येतो, नमस्कार नाही, खुशाली नाही, महापालिकेच्या बिलाचा फोटो आणि खाली एक ओळ: “घरपट्टी आली. तुझ्या वाट्याचे अर्धे पाठव.” तुझ्या वाट्याचे, हे त्याचे शब्द. मी त्याच मिनिटाला पैसे पाठवते आणि मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवते. आतापर्यंत सात झालेत.